समोरच्या मागावरची

माझ्या मावशीला हळू बोलता येत नाही. एक तर ती ओरडते, नाहीतर अजिबात आवाज न काढता बोलते. मधलं काही तिच्याकडे नाही.

जन्मभर ती कापडाच्या गिरणीत मागावर होती. विणकामाची शेड ज्यांनी पाहिली नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. ओळीने लावलेले माग एकाच वेळी खडखडायचे, सूत वाहून नेणारे धोटे इकडून तिकडे आपटायचे, पायाखालची फरशी थरथरायची, आणि घसा फाडून ओरडलं तरी शेजारच्या बाईला ऐकू जायचं नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, शब्द मात्र तोंडात चांगला ऐसपैस करायचा, भुवया आणि हात मदतीला घ्यायचे, आणि पलीकडच्या बाईने ते वाचायचं. हे कोणी कोणाला शिकवत नसे. नवी बाई आली की काही महिन्यांत तिला आपसूक यायला लागायचं, आणि तोवर तिच्या कानांचं व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

मावशीच्या अगदी समोरच्या मागावर जी बाई होती, तिला सगळी शेड ‘समोरची’ म्हणायची, कारण मावशी तिचा उल्लेख तसाच करायची. ‘समोरचीला ताप आहे.’ ‘समोरची आज फुगलीये.’ मीही तिला समोरची मावशीच म्हणत आले. दोघींची तोंडं दिवसभर एकमेकींकडे. सासवांची गाऱ्हाणी, नवऱ्यांचे पराक्रम, मुकादमाचा नवा विग, सगळं त्या दोन मागांच्या मधल्या वाटेवरून बिनआवाजी गेलं. समोरचीला दिवस गेल्याचं तिच्या नवऱ्याच्या आधी माझ्या मावशीला कळलं होतं, आणि तेही गिरणीच्या भर पाळीत.

शेडच्या टोकाला पोरं सांभाळायची खोली होती. मधे मोठी काच. माझी आई लवकर गेल्यामुळे मी मावशीकडेच वाढले, त्यामुळे माझं लहानपण त्या काचेमागे गेलं. माझ्याबरोबर समोरचीचा मुलगा असायचा. त्याला आम्ही बारक्या म्हणायचो, कारण तो खरंच काडी होता आणि त्याचं नाक बाराही महिने वाहायचं. समोरची सूत आणायला जाता-येता काचेपाशी थांबायची आणि ओठांनी म्हणायची, “नाक पूस.” बारक्या बाही वर करून नाक पुसायचा. मग ती जायची. आम्हा पोरांना बोलता यायच्या आधी हे वाचता यायला लागलं. काचेपलीकडची आई काय म्हणते हे कळल्याशिवाय आमचं चालणारच नव्हतं.

मावशीची ही विद्या बाहेरच्या जगात फार उपयोगी पडली असं नाही. बँकेत काचेआडच्या बाईने शेजारणीला म्हटलं, “आली बघ, पुन्हा आली,” तर मावशीने काचेबाहेरूनच ओठ हलवून सांगितलं, “आले, आणि उद्याही येईन.” त्या बाईला काही कळलं नाही, माझी मात्र हसून पुरेवाट झाली. एकूण काय, मावशीपुढे कोणाचं गुपित टिकत नाही आणि तिचं स्वतःचं तर मुळीच टिकत नाही, कारण ती सांगते ते ओरडून.

गिरणी बंद पडली. पुढे समोरचीचा नवरा वारला, आणि बारक्या तिला शहरात आपल्या घरी घेऊन गेला. चांगल्या मनाने नेलं, तिच्यासाठी वेगळी खोली केली. मावशी आमच्या गावी आपल्या दोन खोल्यांत राहिली. मी दाताच्या दवाखान्यात काम करते, तिच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते, रोज डोकावते. तरी एकदा ती मला म्हणाली, “ओरडायला सगळे आहेत गं. बोलायला कोणी नाही.” मी तिथेच उभी होते, आणि मला ओठ वाचता येतात, हे तिला माहीत होतं. पण मी भाची. भाचीला सांगायच्या गोष्टी वेगळ्या आणि समोरचीला सांगायच्या वेगळ्या, हे मलाही कळत होतं.

तर मागच्या महिन्यात मी आणि माझ्या मैत्रिणीने शहरात शनिवार-रविवार काढायचं ठरवलं. हॉटेलची खोली घेतली. दिवसभर झोपायचं आणि रात्री हिंडायचं, एवढाच बेत होता. दिवसभर दुसऱ्यांच्या दाढा बघणाऱ्या बाईला कधीतरी दिवे, गाणी, गर्दी हवीशी वाटते, त्यात लाजायचं काय? पण ऐन वेळी मैत्रिणीच्या पोराला गोवर निघाला आणि दुसरा पलंग रिकामा राहिला. मावशी म्हणाली, “मी येते.” मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ही बाई आठ वाजता पांघरूण घेते. “नाचायला येणार आहेस का?” मी विचारलं. ती म्हणाली, “नाचेन नाहीतर काय करेन, तुला काय करायचंय? पलंग फुकट जातोय ना?”

शुक्रवारी संध्याकाळची बस होती. बाहेर अंधार पडला तसा खिडकीच्या काचेत तिचा चेहरा दिसायला लागला. ती ओठ हलवत होती. मला वाटलं, देवाचं काही म्हणत असेल. मग वाचलं. ती म्हणत होती, “माझ्याकडे राहायला ये. दोन खोल्या आहेत, एक तुझी.” थोडं थांबून पुन्हा, जरा वेगळं करून, “एक खोली नुसती पडलीये. तू आलीस तर बरं होईल.” मग मान हलवून पुन्हा पहिल्यापासून.

“हे कोणाला?” मी विचारलं. म्हणजे ओरडूनच विचारलं. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

मावशीने ओठांनीच उत्तर दिलं. “बोंबलू नकोस. समोरचीला विचारायला चाललेय.”

मग तिने मला सगळं सांगितलं. फोनवर विचारता येत नाही, कारण दोघींना ऐकू येत नाही. फोनवर एकमेकींना बघत बोलायचं म्हटलं तर फोन सुनेच्या नाहीतर बारक्याच्या हातात असतो, आणि चित्र मधेच थिजतं, त्यात ओठ अर्धे राहतात. शिवाय ही गोष्ट घरातल्या कोणासमोर विचारायची नाही. समोरची अडचणीत येईल, तिला धड हो म्हणता येणार नाही, धड नाही म्हणता येणार नाही.

“आणि नाही म्हणाली तर?”

“तर नाही म्हणेल. पण म्हणताना तिचं तोंड मला दिसलं पाहिजे. आणि एकदाच विचारणार. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस कीव येऊन हो म्हणतं.”

त्यानंतर तिने काचेकडे तोंड केलं आणि सराव चालू ठेवला. मी माझ्या नव्या सँडलचा विचार करायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. माझ्या मौजेच्या बेतावर पाणी पडलं होतं, आणि त्याचा मला रागसुद्धा येत नव्हता.

शनिवारी दुपारी आम्ही बारक्याच्या घरी गेलो. बारक्या आता दारात मावत नाही असा झालाय, पण नाव तेच राहिलं. घर उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर. जमिनीवर जाड गालिचा, जाड पडदे, कपाटांची दारंसुद्धा आवाज न करता मिटणारी. सून ग्रंथालयात कामाला आहे, त्यामुळे हळू बोलणं हा तिचा धंदाच. तिने आम्हाला कॉफी दिली, केक कापला, मावशीच्या पाठीला उशी लावली. समोरची खुर्चीच्या कडेवर बसली होती. घर तिचं, पण बसली होती डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसतात तशी.

“कशी आहेस?” मावशी ओरडली.

“बरी आहे,” समोरची ओरडली.

“काय?”

“बरी आहे म्हटलं.”

सुनेने उठून हळूच खिडकी लावून घेतली. शेजाऱ्यांसाठी असेल, पण तिने ते आम्हाला न दुखावता केलं. मावशीने मग आवाज न काढता ओठ उघडले. समोरचीने लगेच मान खाली घातली आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मावशीला कळलं. तिने तोंड मिटलं आणि केकचा तुकडा उचलला.

त्याला कारण होतं. समोरची शहरात आली त्या सुरुवातीच्या दिवसांत मावशी तिला भेटायला आली होती. जेवताना मावशीने ओठांनी विचारलं, “मीठ विसरली की लपवून ठेवलंय?” आणि समोरची खो खो हसली. सून ताटावरून उठून आतल्या खोलीत गेली. जाताना नवऱ्याला तिने विचारलं, “काय म्हणाल्या त्या?” बारक्या म्हणाला, “मला काय ठाऊक? लहानपणचं ते, कधीच विसरलो मी.” आता खरं बोलायचं तर सुनेचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याच टेबलावर दोन बायका बिनआवाजी बोलून हसायला लागल्या तर मीही उठून गेले असते, आणि जाताना दार आपटलं असतं. पण समोरचीने त्या दिवशी कानाला खडा लावला. या घरात ओठांनी बोलायचं नाही. तेव्हापासून ती फक्त ओरडते, आणि ओरडून सांगण्यासारखं माणसाकडे असतं तरी किती. जेवलीस का, औषध घेतलंस का, संपलं.

दुपारभर मावशीचं घोडं तिथेच अडलं. समोरचीला एकटीला गाठावं म्हणून ती तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली, तर सून मदतीला आली. गॅलरीत गेली, तर बारक्या खुर्च्या घेऊन आला. समोरचीने आपली खोली दाखवली. भिंतींना फिका निळा रंग होता. “रंग आईने पसंत केलाय,” बारक्या मोठ्याने म्हणाला, आणि भिंतीवरून हात फिरवला. मावशीने भिंतीकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता. एवढ्या प्रेमाने रंगवलेल्या खोलीतून माणसाला बाहेर ये म्हणायचं तरी कसं?

संध्याकाळी बारक्या म्हणाला, “जवळच एक शांत जागा आहे, जेवायला जाऊ.”

‘शांत’ शब्द ऐकून माझं डोकंच फिरलं. “बारक्या, मी इथे रात्रीचं शहर बघायला आलेय,” मी म्हटलं. “शांतता आमच्याकडे ढीगभर आहे. जिथे आवाज असेल तिथे ने.”

मला वाटलं, सून नाक मुरडेल. तर ती म्हणाली, “जाऊया ना. आम्ही लग्नानंतर कधी गेलोच नाही अशा ठिकाणी. हे नेहमी म्हणतात, आईंना एकटं कसं ठेवायचं.” हे ऐकून समोरचीने घाईघाईने आपण घरीच थांबतो अशी खूण केली. मावशीने तिचं मनगट धरलं ते लिफ्ट खाली पोचेपर्यंत सोडलं नाही.

रस्ते फुलले होते. दुकानांवर दिव्यांच्या पाट्या, फुटपाथवर मांडलेली टेबलं, हातात हात घालून चाललेली पोरं-पोरी, कोपऱ्यावर गिटार वाजवणारा एकजण. मी आयुष्यात पहिल्यांदा दोन म्हाताऱ्यांना घेऊन नाचघर शोधत होते. एका तळघराच्या दारावर काळ्या कपड्यातला धिप्पाड माणूस उभा होता. तो मावशीला म्हणाला, “आजी, आत फार आवाज आहे.”

मावशीने त्याचे ओठ वाचले. “किती?”

त्याने दोन्ही हात पसरून दाखवलं.

“मग चला,” मावशी म्हणाली.

जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबली. मला वाटलं, गुडघा दुखला. तिने भिंतीला तळहात लावला होता. भिंत थरथरत होती, पायरी थरथरत होती, छातीत ठोके बसत होते. समोरचीनेही मागून भिंतीला हात लावला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि दुपारपासून पहिल्यांदा समोरची हसली.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. सून आणि समोरची यांना भिंतीलगतच्या बाकावर जागा मिळाली, डोक्यावर पिवळा दिवा होता. मावशीला आणि मला थेट पलीकडे एक उंच टेबल मिळालं. मधे नाचणारी सगळी गर्दी. बारक्या सगळ्यांसाठी सरबतं आणायला बाजूच्या लांब काउंटरकडे गेला. मावशीने पर्स टेबलावर ठेवली, ताठ उभी राहिली आणि समोर बघितलं. पलीकडे समोरची होती. मधे तेवढंच अंतर, तेवढाच गोंगाट.

“कशी आहेस?” मावशीने ओठांनी विचारलं.

समोरचीने आधी शेजारी सुनेकडे बघितलं. सून नाचणाऱ्यांकडे बघत पायाने ठेका धरत होती. तिथे प्रत्येकाचे ओठ हलत होते, कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं, त्यात एका म्हातारीचे ओठ हलले तर कोण बघणार?

“कान गेले,” समोरची म्हणाली.

“माझे आधीच गेलेत. तो लाल शर्टवाला बघ. त्याचा धोटा सुटलाय.”

समोरची पोट धरून हसली. मग जे सुटलं ते सुटलंच. मुकादम मेला का? मेला, विगसकट. तुझा गुडघा? तसाच. ही पोरगी लग्न करणार की नाही? हे माझ्याबद्दल होतं, आणि मी तिथेच उभी होते, तरी दोघींनी माझ्या देखत माझा निकाल लावला. इतक्या वर्षांत मी मावशीला इतकी भरभर बोलताना पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि वर त्या लाल शर्टवाल्याचं हसूही येत होतं.

मग मावशी थांबली. तिने साडीचा पदर सारखा केला. “माझ्याकडे राहायला ये,” तिने ओठांनी म्हटलं. बसमध्ये घोटलेलं बाकीचं सगळं ती विसरली. तेवढंच म्हणाली.

समोरचीचा चेहरा स्थिर झाला. गर्दीतलं एक डोकं मधे आलं, बाजूला झालं, तरी ती तशीच.

“मला यायचंय,” ती म्हणाली. “रोज सकाळी उठले की यायचंय. सून चांगली आहे. पोरगा चांगला आहे. पण मी इथे पाहुणी आहे गं, आणि पाहुणचार काही संपत नाही.” मग तिने मान हलवली. “बारक्याला कसं सांगू? त्याने खोली रंगवली. मी गेले तर त्याला वाटेल, त्याचंच काही चुकलं. नको. मी नाही येत. राहू दे.”

मावशीने मान हलवली. “बरं,” ती म्हणाली. ठरवल्याप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं नाही. टेबलावरची पर्स तिने उचलली आणि उगाच तिच्या बंदाची उघडझाप करत राहिली. मी तिचा हात धरला. बारक्या अजून सरबतं घेऊन कसा आला नाही, असं वाटून मी काउंटरकडे बघितलं.

बारक्या तिथेच उभा होता. हातात भरलेला ट्रे, पाठ काउंटरला, तोंड त्या पिवळ्या दिव्याकडे. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने सगळं वाचलं होतं. त्या काचेमागे वाढलेलं पोर हे विसरेल असं आम्ही तिघी धरून चाललो होतो. आम्ही तरी कशा विसरलो? मिठाचं बोलणंसुद्धा त्याला त्या दिवशीच कळलं असणार, आणि आईला सांभाळायला तो बायकोशी खोटं बोलला होता.

“आई,” त्याने ओठांनी हाक मारली. लहान पोरासारखी, तोंड मोठ्ठं उघडून. इतक्या वर्षांत सवय नव्हती त्याला.

समोरचीने वळून पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

“तू खिडकीत बसून मावशीशी बोलतेस,” तो म्हणाला. “एकटीच. मी रोज बघतो.” त्याला शब्द सापडत नव्हते, मधेच थांबत होता. “जा तू. खोली तशीच ठेवतो. येत जा.”

“तुझं काही चुकलं नाही रे,” समोरची म्हणाली.

“माहितीये.”

शेजारी सुनेला काहीतरी जाणवलं असावं. तिने सासूकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि काही न विचारता सासूच्या पाठीवर हात ठेवला. एवढा मोठा, दारात न मावणारा बारक्या ट्रे धरून उभा होता, त्याचे डोळे भरले होते, नाक वाहत होतं, आणि दोन्ही हात अडकल्यामुळे त्याला काहीच करता येत नव्हतं.

समोरचीने मधल्या सगळ्या गर्दीवरून त्याच्याकडे नीट बघितलं. “नाक पूस,” ती ओठांनी म्हणाली.

बारक्याने ट्रे काउंटरवर ठेवला आणि बाही वर करून नाक पुसलं.